दोनदा नाही, पाचदा

फोनवरचं पहिलंच वाक्य होतं, “आमच्या सासूबाई चार महिन्यांत दोनदा पडल्यात. तिसऱ्यांदा पडता कामा नयेत, तेवढं बघा.”

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, त्यामुळे असे फोन नेहमीचेच. अशा वेळी मी एक गोष्ट आधीच सांगून टाकते: पडण्याची शक्यता कमी करता येते, शून्य करता येत नाही. पासष्टीच्या पुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. ऐंशी ओलांडली की हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “मग मी झोपायचं कधी?”

घर

आजी 81 वर्षांच्या. निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत, ऐकू नीट येतं, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. घरात मुलगा, सून आणि त्या. मुलगा सकाळी बाहेर पडतो तो रात्रीच येतो. सूनबाई 54 वर्षांच्या. घरून हिशेबाचं काम करतात, म्हणजे जगाच्या दृष्टीने त्या ‘घरीच असतात’, आणि म्हणून सासूबाईंचं सगळं त्यांच्याकडे. लेक परगावी. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: “आज पडली नाही ना आई?”

पहिल्यांदा आजी बाथरूमच्या दारात पडल्या, मुक्या मारावर निभावलं. दुसऱ्यांदा खोलीत, पलंगापासून चार पावलांवर. गालाचं हाड सुजलं, मनगट दुखावलं, एक्स-रेत काही निघालं नाही. त्यानंतर मात्र घराने कंबर कसली. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे आले. बाथरूमची आतली कडी काढून टाकली. हॉलमध्ये कॅमेरा लागला, तो मुलगा ऑफिसातून बघणार. उशाशी घंटी आली. आणि नियम झाला: हाक मारल्याशिवाय, कुणी हात धरल्याशिवाय उठायचं नाही. आजींचा दिवस खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊ लागला. सूनबाई तीन आठवडे त्यांच्या खोलीत जमिनीवर झोपल्या. पाठ धरली तेव्हा शेजारच्या खोलीत गेल्या, तेही दार उघडं ठेवून.

यातलं सगळं काळजीपोटीच केलेलं. मी गेले तेव्हा ही व्यवस्था सहा आठवडे चालू होती आणि वरवर पाहता यशस्वीही होती. त्या सहा आठवड्यांत आजी पडल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

गुडघे

पडलेल्या माणसाला मी आधी चालून दाखवायला सांगत नाही, पडल्याची जागा दाखवायला सांगते. ‘पाय घसरला’ असं सगळेच म्हणतात. त्यावरून काहीच कळत नाही. किती वाजता, कुठे निघाला होतात, दिवा लागलेला होता का, पायांत काय, हातांत काय, आधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, जमिनीवर किती वेळ होतात आणि उठलात कसे, एवढं विचारलं की पडण्याचं खरं कारण हळूहळू बाहेर यायला लागतं.

आजींनी दोन्ही जागा दाखवल्या. दोन्ही हकिगती मुद्देसूद सांगितल्या, फळ्यावर लिहून द्याव्यात तशा. मग मी पाय तपासायला घेतले. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवरची कातडी खरवडलेली होती. उजव्यावर खपली, डाव्यावर कोवळी गुलाबी कातडी. नडगीवर एक डाग पिवळसर हिरवा पडत चाललेला आणि त्याच्या वर दुसरा, जांभळा, चार-पाच दिवसांपलीकडचा नसावा. घरच्यांना माहीत असलेलं शेवटचं पडणं सहा आठवड्यांपूर्वीचं. जांभळा डाग सहा आठवडे जांभळा राहत नाही. आणि पडल्यावर दोन्ही गुडघे असे एकसारखे खरवडत नाहीत.

सूनबाईंना मी गोळ्यांचा डबा आणायला पाठवलं.

“आजी, रांगत पलंगापर्यंत आलात का?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “तिला सांगू नका.”

घरच्यांच्या हिशेबात दोन, आजींच्या हिशेबात पाच. वरची तिन्ही पडणी नियम झाल्यानंतरची, रात्री एक ते चारच्या दरम्यानची, लघवीला उठतानाची. दोन्ही बाजूंना कठडे, म्हणून त्या पायथ्याकडच्या फटीतून सरकत उतरायच्या. दिवा लावायच्या नाहीत, कारण उजेड शेजारच्या खोलीत जायचा. चपला घालायच्या नाहीत, कारण त्या वाजायच्या. घंटी तर दूरच. म्हणजे झोपेच्या गोळीचा अंमल, अनवाणी पाय, मिट्ट काळोख आणि भिंत चाचपत जाणं.

“तिची झोप मोडते हो,” त्या म्हणाल्या. “दिवसभर तिचं चालूच असतं.”

“आणि सांगितलं असतंत तर?”

“तर माझं उठणंच बंद झालं असतं.”

मी पेचात पडले. न सांगण्याचं वचन मला देता येत नव्हतं, कारण खरा आकडा लपवून उपचार करणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर जाणं. पण त्यांच्या पाठीमागे जाऊन सांगितलं असतं तर पुन्हा त्यांनी मला कधी खरं सांगितलं नसतं. मी म्हटलं, “तीन दिवसांनी येते. तोवर तुम्ही सांगा, नाहीतर आपण दोघी मिळून सांगू.” पलंगाखाली हालचाल टिपून आपोआप लागणारा दिवा मात्र त्याच दिवशी बसवायला लावला आणि पायथ्याची वाट मोकळी करून घेतली. ते तीन दिवस थांबणं बरोबर होतं का, याबद्दल माझं मन अजूनही साशंक आहे. त्या तीन रात्रींत काही झालं असतं तर हे प्रकरण मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

त्या दिवशीच्या नोंदी

बीपी आडवं असताना 148/82. उभं राहिल्यावर एका मिनिटाने 121/70. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. आजींचा वरचा 27 ने आणि खालचा 12 ने उतरला. पलंगाची कड घट्ट धरून त्या म्हणाल्या, “हीच ती अंधारी.” गेल्या चार महिन्यांत त्यांचं बीपी कितीदा तरी बघितलं गेलं होतं, पण दर वेळी खुर्चीत बसवून.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, या चाचणीत 12 सेकंद किंवा जास्त लागले की सावध व्हायचं. आजींना 21 लागले आणि त्यातला बराच वेळ नुसता उठण्यात गेला. हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात या वयाच्या बाईला नऊ वेळा तरी उठबस जमायला हवी. त्यांना एकदाही जमली नाही. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहायचं, तिथे तीन सेकंदांत तोल गेला. शेवटी चालता चालता मी सहज विचारलं, शाळेत कोणता विषय शिकवायचात? त्या उत्तर देण्यासाठी थांबल्या. बोलायला थांबावं लागणं ही पुढे पडण्याची खूण असल्याचं 1997 मध्येच एका स्वीडिश अभ्यासात नोंदलं गेलं. मला ती घड्याळातल्या सेकंदांपेक्षा जास्त सांगून जाते. (विषय भूगोल होता.)

गोळ्यांचा डबा उघडला तेव्हा निम्मं कोडं सुटलं. पूर्वी सकाळी असलेली लघवीची गोळी संध्याकाळच्या कप्प्यात होती. का, तर सूनबाईंनी सगळ्या गोळ्या एका वेळी आणल्या होत्या, विसरायला नको म्हणून. त्यामुळे आजी रात्रीतून तीनदा उठत होत्या. झोपेची गोळी यजमान गेल्यावर ‘महिनाभर’ म्हणून सुरू झाली होती आणि तीन वर्षं चालू होती. चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, चालताना जमीन नेमकी त्यातूनच दिसते आणि उंबरठ्याची कड पुसट होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ‘या वयात आता कशाला’ म्हणून राहून गेलेला.

आणि खुर्ची. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साधारण सदुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो स्नायू उतरला होता. आजी पूर्ण आडव्या नव्हत्या, हे खरं. पण त्या वयाने त्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आणि खुर्चीत सहा आठवडे.

सांगणं

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा आजींनी अजून काही सांगितलेलं नव्हतं. माझ्यासमोर सूनबाई म्हणाल्या, “दोनदा पडल्यानंतर आता बरं चाललंय.” त्यावर आजी हजेरीपट दुरुस्त करावा तशा म्हणाल्या, “अगं, दोनदा नाही, पाचदा.”

सूनबाईंना आधी राग आला. मग त्यांनी गुडघे बघायला मागितले. बघून त्या म्हणाल्या, “मी शेजारी झोपलेली असताना?” आणि थोड्या वेळाने, एकदम खालच्या आवाजात, “आता वन्संना काय सांगू?”

हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते, शब्द वेगळे असतात एवढंच. काळजी घेणाऱ्याला भीती फक्त पडण्याची नसते. पडल्यावर ‘तू कुठे होतीस’ असं विचारलं जाईल, ही त्याहून मोठी भीती असते. एकाच्या गळ्यात सगळी जबाबदारी आणि बाकीच्यांच्या हातात फोन, अशी वाटणी असली की काळजीची पहारेदारी व्हायला वेळ लागत नाही. मग पहारा असेल तिथे लपवालपवीही येणारच.

पडण्याची भीती मोजण्यासाठी सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली असते. अंघोळ, जिना चढणं, ओल्या जमिनीवर चालणं अशा प्रत्येक कामाला एक ते चार गुण. एकूण 16 पासून 64 पर्यंत, गुण जितके जास्त तितकी भीती. ती खरं तर वयस्क माणसानेच भरायची असते. मी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरायला दिली. सूनबाईंना सांगितलं की आजींबद्दल तुम्हाला जे वाटतं ते लिहा. आजींचे आले 29, सूनबाईंचे 51. सूनबाईंचा आकडा शास्त्राच्या कसोटीला उतरणारा नाही, हे मला माहीत आहे. पण दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा त्या दोघींनाच पहिल्यांदा कळलं की पडायची भीती आजींपेक्षा सूनबाईंना जास्त आहे. त्या दिवसापासून माझ्या वहीत या प्रकरणात पेशंट दोन झाले.

काय केलं, आणि माझं काय चुकलं

चूक आधी सांगते. पहिल्याच आठवड्यात मी सूनबाईंना घरातल्या धोक्यांची यादी लिहून दिली, एकोणीस कलमांची. पायपुसणं, वायर, बाथरूमची फरशी, डगमगणारं स्टूल, सगळं त्यात होतं. त्यांनी ती फ्रिजवर चिकटवली. पुढच्या खेपेला म्हणाल्या, “येता-जाता वाचते आणि छातीत धस्स होतं.” यादी अचूक होती, पण थकलेल्या माणसाला आणखी एकोणीस ठिकाणी लक्ष ठेवायला सांगणारी होती. मी ती काढून घेतली आणि तीन कामं ठेवली: बाथरूममध्ये भिंतीत पक्के रोवलेले दोन दांडे (टॉवेलची दांडी आधारासाठी नसते, ती हातात येते), पायपुसणं बाद, आणि मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला. चपला वाजल्या तरी चालतील, हे आजींना पटायला दोन आठवडे लागले.

गोळ्यांचं मी ठरवत नाही. सूनबाई फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या त्या कागद घेऊन: आडवं आणि उभं बीपी, रात्रीची उठण्याची वेळ, पाचही पडणी. डॉक्टरांनी लघवीची गोळी परत सकाळी नेली, बीपीची मात्रा बदलली आणि झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायला घेतली. ती एका झटक्यात कधी बंद करायची नसते. न्यूझीलंडमध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा गोळ्या हळूहळू उतरवल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटलं होतं. पण अभ्यास संपल्यावर बऱ्याच जणांनी गोळी पुन्हा सुरू केली. आजींचीही गोळी अर्ध्यावर येऊन अडली, ती शेवटपर्यंत अर्धीच राहिली. मुलाने ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसबद्दल विचारलं. त्याला सांगितलं की कमतरता असेल तर डॉक्टर देतील, पण पडणं थांबवायला म्हणून नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षाला एकदम पाच लाख युनिट घेतलेल्या बायका उलट जास्त पडल्या होत्या. उभं राहण्याआधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली हलवायची आणि मनात तीसपर्यंत मोजायचं, हे आजींना एकदा सांगून पुरलं. मोजायची सवय जुनीच होती.

व्यायाम साधेच, पण नेटाने. ओटा धरून टाचा उचलणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं आणि खुर्चीतून उठबस. सुरुवातीला बैठकीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, मग एक उशी काढली, मग दुसरी. आठवड्यातून तीन दिवस, आणि थोडं डगमगायला होईल इतपत अवघड. अजिबात डगमगायला होत नसेल तर तोल सुधारत नाही. शंभरावर चाचण्यांचा 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तोल आणि पायांची ताकद साधणारे व्यायाम यात सर्वांत भरवशाचे ठरले. नुसतं फिरायला जाणं त्या पंक्तीत बसत नाही.

कठडे काढले. त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. उठायचंच ठरवलेल्या माणसाला कठडा थांबवत नाही, तो वळसा घ्यायला नाहीतर चढून जायला लावतो, आणि चढून पडलं तर पडण्याची उंची वाढते. त्याऐवजी पलंग थोडा खाली घेतला आणि एका बाजूला धरून उठायला आखूड दांडा बसवला. बाथरूमची कडी परत बसवली, बाहेरूनही उघडता येईल अशी.

मग जमिनीवरून उठण्याचा सराव. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आणि घरच्यांना सर्वांत नकोसा. सूनबाई म्हणाल्या, “पडू नये म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही त्यांना मुद्दाम खाली झोपवताय?” पण पडण्याइतकाच धोका पडून राहण्यात असतो. तासाच्या वर जमिनीवर राहिलेल्या वयस्क माणसाला शरीरातलं पाणी कमी होणं, स्नायूंच्या पेशी तुटणं, दाबाच्या जखमा असं सगळं मागे लागू शकतं, हाड मोडलेलं नसलं तरी.

कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जा. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे, पाऊल जमिनीवर रोवून उठा आणि वळून बसा. आजी हे तीन रात्री काळोखात स्वतःच शिकल्या होत्या, मी फक्त गुडघ्यांखाली घडी केलेली चादर घालायला शिकवली. खरं शिकायचं होतं ते सूनबाईंना. आपल्याकडे कुणी पडलं की धावत जाऊन काखेत हात घालून उचलायचं, हा हातांचा पहिला विचार असतो. त्यात पडलेल्याचा खांदा जातो आणि उचलणाऱ्याची पाठ. म्हणून आधी खाली बसायचं आणि बघायचं. एक पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय का, खुब्यात कळ येते का, डोक्याला मार आहे का, मान दुखते का, शुद्ध हरपली होती का? यातलं काहीही असेल तर हलवायचं नाही, अंगावर पांघरूण घालून ॲम्ब्युलन्स बोलवायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला लहानसा धक्कासुद्धा दवाखान्यात दाखवायचा. यातलं काही नसेल तर खुर्ची आणून द्यायची आणि आपले हात मागे बांधायचे. हे शेवटचं त्यांना शिकवायला मला दोन खेपा लागल्या.

आणि एक करार झाला, तोंडी. उठायला परवानगी लागणार नाही. घंटी फक्त पडल्यावर वाजवायची. तिची एक कळ आजींच्या गळ्यात, दुसरी बाथरूममध्ये, जमिनीवर पडलेल्या हाताला पोहोचेल इतकी खाली. पडल्या तर आजी त्याच दिवशी सांगणार. आणि सूनबाई सांगितल्यावर दहा मिनिटं काहीही बोलणार नाहीत.

सातवा आठवडा

सातव्या आठवड्यात आजी पडल्या. दुपारी, लख्ख उजेडात, गॅलरीत. वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा खाली पडला, तो उचलायला वाकल्या आणि उठताना तोल गेला. रात्रीचा सगळा बंदोबस्त करून ठेवला होता मी. दिवसा त्या काय काय करतात हे नीट विचारलंच नव्हतं. बरं वाटायला लागल्यावर माणूस जुनी कामं हातात घेणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घंटी वाजली. सूनबाई गेल्या, खाली बसल्या, पाय पाहिले, डोकं पाहिलं. खुर्ची आणली. आजींना उठायला चौदा मिनिटं लागली, त्यात दोनदा प्रयत्न फसला. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. दहा मिनिटं न बोलण्याचा करार सूनबाईंनी पूर्ण चौदा मिनिटं पाळला, मग स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसत होत्या, पण हात थरथरत होते.

त्या रात्री मुलगा म्हणाला, “बास झालं. कठडे परत लावा, आईने उठायचं नाही.” दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. लेक फोनच्या स्पीकरवर होती. मी काही शास्त्र सांगितलं नाही, फक्त दोन कागद समोर ठेवले. आधीच्या सहा आठवड्यांत, पूर्ण पहाऱ्यात, तीन पडणी. तिन्ही कुणाला कळली नाहीत. नंतरच्या सात आठवड्यांत एक, आणि ते चौदाव्या मिनिटाला निस्तरलं. लेकीला तीन पडण्यांचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती बराच वेळ गप्प होती. आजी म्हणाल्या, “मला जपायचंय की ठेवून द्यायचंय, ते ठरवा.” मुलाला हे लागलं, ते दिसत होतं. तो पूर्ण पटला असं नाही. आणखी महिनाभर बघू, यावर तडजोड झाली आणि त्याने कॅमेरा बंद केला नाही. चिमट्यांसाठी लांब दांड्याचा चिमटा आला. शनिवार-रविवारची रात्रीची जबाबदारी मुलाकडे गेली, घंटीसकट. आठवड्यातून दोन रात्री आपल्याला जाग आली तरी उठायचं नाही, हे सूनबाईंना खूप जड गेलं. लेकीनेही रात्री नऊचा प्रश्न बदलला. आता ती विचारते, “आज काय काय केलंस?” कधी कधी जुना प्रश्नही निघतो तिच्या तोंडून.

चौदाव्या आठवड्यात

तीन मीटरची चाचणी 21 वरून 14 सेकंदांवर आली. 12 च्या आत अजून नाही. हात न टेकता उठबस शून्यावरून सहा. एकापुढे एक पाऊल तीन सेकंदांवरून नऊ. रात्रीचं उठणं तीनदाऐवजी एकदा. उभं राहिल्यावर बीपी आता 11 ने उतरतं. चौदा आठवड्यांत पडणं एकच, गॅलरीतलं. गोळी, दिवा, व्यायाम की करार, नेमकं कशाने हे झालं ते एका माणसावरून सांगता येणार नाही. मला विचाराल तर लघवीची गोळी सकाळी गेल्याने निम्मं काम झालं, आणि ते सुचायला खऱ्या वेळा कळाव्या लागल्या. चालण्यासाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा आला. मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेली. सूनबाईंकडून ती सोळा प्रश्नांची यादी पुन्हा भरून घेतली: 51 चे 38 झाले. आजींचे 29 चे 30. त्या म्हणाल्या, “आता जास्त हिंडते ना, मग भीती पण थोडी जास्त.”

शेवटच्या खेपेला सूनबाईंना मी विचारलं, झोप लागते का.

“लागते. पण अडीचला जाग येतेच, सवयच झाली आहे. परवा दाराखालून उजेड दिसला, चपला वाजल्या. मी उठले नाही. पडून मोजत राहिले. एकशे चाळीसपर्यंत मोजलं, तेव्हा दिवा विझला.”

“एकशे चाळीस?” आजी खिडकीपासून म्हणाल्या. “मला एवढा वेळ लागत नाही. तू भरभर मोजतेस.”